'क्रिटीक' म्हणजे नक्की काय? टीका, समीक्षा, परीक्षण की आणखी काही?

वारणेची लेक
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कूलवर मी मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही विषय शिकवते. यंदा नववीला अवांतर वाचनाचा उपक्रम आहे. महिन्याला एक पुस्तक वाचायचं आणि त्यावर एक पान लिहून आणायचं. आम्हाला जो नमुना मिळालाय त्यात त्या पानाच्या डोक्यावर इंग्रजीत 'क्रिटीक' असं छापलंय. मुलांनी शब्दकोश उघडला, तिथं 'टीका' असा अर्थ दिसला, आणि बहुतेकांनी पुस्तकात काय काय वाईट आहे त्याची यादी करून आणली. एका मुलीला पुस्तक मनापासून आवडलं होतं. तिनं पान कोरंच ठेवलं. "बाई, टीका करण्यासारखं मला काहीच सापडलं नाही," म्हणाली. वर एक पालक शाळेत येऊन विचारून गेले, "पोरांना आत्तापासून लोकांना नावं ठेवायला शिकवताय काय?"

मला दोन गोष्टी हव्या आहेत. हा शब्द आला कुठून आणि त्याचा मूळ अर्थ काय. आणि त्या पानाच्या डोक्यावर मराठीत काय लिहू, म्हणजे मुलांना काम नीट कळेल?

हळदपेठ
टीका. सरळ शब्द आहे, सगळ्यांना कळतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांना कळतो म्हणूनच तर घोळ झालाय की हो हळदपेठ! पोरगीनं कोरं पान दिलं ते वाचलं नाही वाटतं?

अजिंक्यतारा
ताई, प्रश्न चांगला आहे. साताऱ्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवण्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मूळ ग्रीक क्रियापद 'क्रिनेइन'. अर्थ : वेगळं करणं, निवडणं, निर्णय देणं. त्यावरून 'क्रितेस' म्हणजे निर्णय देणारा, न्यायाधीश. 'क्रितिकोस' म्हणजे पारख करण्याची ताकद असलेला. तिथून लॅटिन, लॅटिनमधून फ्रेंच आणि मग इंग्रजी असा प्रवास. निवाडा ज्या मापानं करायचा ते 'क्रायटेरिअन', तेही याच घरचं. आपण त्याला 'निकष' म्हणतो आणि निकष म्हणजे सोनं घासून बघायचा दगड.

इंग्रजीत आधी माणूस आणि त्यानं लिहिलेला लेख या दोघांना एकच शब्द होता. सतराव्या शतकात दोन्हींचं स्पेलिंगही एकच असायचं. पुढे लेखासाठी फ्रेंच वळणाचं स्पेलिंग रुळलं आणि उच्चारही वेगळा झाला. 'क्रिटिक' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, तो माणूस. 'क्रिटीक' म्हणताना जोर शेवटी, ते लेखन. तुमच्या नमुन्यावर दुसरा शब्द आहे. मुळात त्यात दोष काढणं कुठेच नाही. जे समोर आहे ते नीट वेगळं करून पाहणं, एवढंच आहे.

हळदपेठ
सर, मग इंग्रज लोक तरी 'क्रिटिसाइज' म्हणजे नावं ठेवणंच का समजतात? 'डोन्ट क्रिटिसाइज मी' म्हणतात ते काय 'माझं नीट विवेचन करू नकोस' या अर्थानं? शब्द लोक जसा वापरतात तसा त्याचा अर्थ. ग्रीसमध्ये काय होतं त्याला आज कोण विचारतं?

अजिंक्यतारा
तुमचा मुद्दा बरोबर जागी आहे आणि हे भांडण जुनंच आहे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त डेस्डिमोना इयागोला म्हणते, माझी स्तुती करून दाखव. तो म्हणतो, ते मला सांगू नका, मी 'क्रिटिकल' नसेन तर कोणीच नाही. तिथं अर्थ उघड उघड दोषदृष्टीचा आहे. म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा रंग चढलेला होता. आणि १६७७ मध्ये इंग्रज कवी ड्रायडन तक्रार करतो की दोष शोधणं हेच क्रिटिसिझमचं मुख्य काम असं जे समजतात त्यांना त्याचं स्वरूपच कळलेलं नाही. त्याच्या मते ॲरिस्टॉटलनं घालून दिलेली ती नीट निवाडा करण्याची रीत आहे, आणि जाणत्या वाचकाला आनंद देतील अशा गुणांकडे लक्ष देणं हा तिचा सगळ्यात मोठा भाग. तेव्हा दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत आलेत. शाळेनं कुठला शिकवायचा एवढंच आपल्या हातात आहे.

नेपथ्य
इयागो निघालाच आहे तर सांगतो. आपल्या हरिपूरशी नातं असलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणलं, ते 'झुंझारराव'. सांगलीच्या माणसानं हे विसरू नये.

आता नाटकवाला म्हणून दोन गोष्टी. अथेन्समध्ये डायोनिसस देवाच्या उत्सवात नाटकांच्या स्पर्धा व्हायच्या. त्यांचे परीक्षक म्हणजे 'क्रिताय', सरांनी वर सांगितलेल्या 'क्रितेस'चं अनेकवचन. दहा कुलं होती, प्रत्येकातून एक असे दहा परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडायचे. शेवटी सगळ्यांची मतंही मोजायची नाहीत, मतपत्रिकांतून पुन्हा चिठ्ठ्या उचलून त्यातल्या काहींवरच निकाल. कुणी आधी भेटून परीक्षक फितवू नये म्हणून एवढी काळजी. म्हणजे 'क्रिटिक'चा पहिला अवतार नाट्यस्पर्धेच्या परीक्षकासारखाच म्हणायचा.

दुसरी गोष्ट मला जास्त भावते. नटाला ग्रीक शब्द आहे 'हिपोक्रितेस'. त्याच 'क्रिनेइन'ला उपसर्ग लागून झालेला. रंगमंचावर बोलणारा, उत्तर देणारा, असा अर्थ. पुढे 'वरवर एक आणि आत एक' असा अर्थ चिकटला आणि इंग्रजीत 'हिपोक्रिट' म्हणजे ढोंगी झाला. मंचावरचा नट आणि समोरच्या रांगेतला परीक्षक एकाच धातूची लेकरं! १८४३ साली ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या गावाला हे ठाऊक असायला हवं.

कृष्णाकाठ
सख्खी भावंडं आहेत म्हणूनच निकालाच्या दिवशी वाटणीवरून भांडतात.

नेपथ्य
हसा, पण भांडण का होतं तेही ऐका. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला मी कित्येक वर्षं नाटकं घेऊन उतरलोय. निकालाचा कागद लागतो, त्यावर क्रमांक असतो. क्रमांकाच्या मागे काय विचार झाला ते क्वचितच कुणी सांगतं. एकदाच एका परीक्षकांनी प्रयोग संपल्यावर आम्हाला विंगेत गाठलं होतं. दुसऱ्या अंकात आई देवघरात निरांजन लावते, तो प्रसंग त्यांनी धरला. "तिनं काडी ओढली तेव्हा प्रेक्षागृह गप्प झालं होतं. तुमच्या प्रकाशयोजनेनं मात्र त्याच क्षणी मागचा स्पॉट वर आणला आणि सगळ्यांची नजर पळाली. काडी पूर्ण पेटेपर्यंत थांबा." बस. त्यात शिवी नव्हती, शाबासकीही नव्हती. पुढच्या प्रयोगाला आम्ही थांबलो आणि तो प्रसंग उभा राहिला. ताई, तुमच्या मुलांना क्रिटीक शिकवायचं म्हणजे हे शिकवा. कुठल्या जागी काय घडलं आणि का घडलं.

नाडीपरीक्षा
मिरजेत दवाखाना आहे, म्हणून एक वेगळं टोक पकडतो. आमच्याकडे 'पेशंट क्रिटिकल आहे' म्हटलं की नातेवाइकांचे चेहरे उतरतात. तो 'क्रिटिकल' याच मुळाचा. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेत 'क्रिसिस' म्हणजे आजाराचा निवाड्याचा क्षण. इथून रोगी एक तर सुधारेल नाही तर जाईल. कुठल्या दिवशी असा क्षण येतो याचे हिशेबही ते वैद्य मांडायचे.

ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. प्रतिजैविकं येण्याआधी न्यूमोनियाचा एक प्रकार असा होता की ताप आठवडाभर चढलेलाच राहायचा, आणि सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास दरदरून घाम येऊन काही तासांत उतरायचा. डॉक्टरी पुस्तकांत त्या उतरण्याला 'क्रायसिस' म्हणत. हळूहळू उतरला तर 'लायसिस'. पेनिसिलिन आल्यावर असा रोगी बघायलाच मिळेनासा झाला. तेव्हा 'क्रायसिस'चा खरा अर्थ संकट नव्हे. निकाल लागण्याची वेळ, असा आहे.

आपल्याकडे 'चिकित्सा' हा शब्द बघा. रोगावर उपचार तीही चिकित्सा आणि एखाद्या मताची छाननी तीही चिकित्सा. ग्रीक आणि मराठी, दोन्हीकडे वैद्य आणि समीक्षक एका शब्दाखाली येऊन बसलेत.

पाना-पक्कड
डॉक्टरसाहेब, आमच्या इंजिनिअरिंगमध्येही हा शब्द ठायी ठायी आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला की कितीही दाब द्या, द्रव होत नाही. ते त्याचं क्रिटिकल तापमान. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये हे मांडलं. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी 'क्रिटिकल' झाली, म्हणजे साखळी अभिक्रिया आपली आपण चालू राहिली. तिथं क्रिटिकल होणं ही आनंदाची बातमी! एका बाजूचं राज्य संपून दुसऱ्याचं सुरू होतं ती सीमा, असा अर्थ सगळीकडे बसतो.

हळदपेठ
नववीच्या पोरांच्या पुस्तकाच्या पानावरून आपण अणुभट्टीत पोचलो.

माळकरी
मला 'टीका' या शब्दाच्या बाजूनं बोलायचंय, कारण त्याच्यावर अन्याय होतोय. आळंदी-पंढरीची वाट चालणाऱ्या माणसाला टीका म्हणजे नावं ठेवणं हे ऐकवत नाही. "शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें." माउलींनी गीतेवर टीका केली म्हणजे गीतेला नावं ठेवली काय? गीतेतलं गूढ सामान्य माणसाच्या भाषेत उलगडून ठेवलं. नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली. टीका म्हणजे ग्रंथाच्या शेजारी दिवा घेऊन बसणं.

आमच्या गावात श्रावणात पोथी लागते तेव्हा एक जण ओवी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगणाऱ्याला जुनी मंडळी अजून मान देतात. हा अर्थ हरवू देऊ नये. बाईंनी 'टीका' हाच शब्द ठेवावा आणि मुलांना त्याचा मूळ अर्थ शिकवावा असं माझं मत.

अमरकोश
माळकरी, नमस्कार. संस्कृत शिकवते म्हणून तुमच्या म्हणण्याला जोड देते. कालिदासाच्या काव्यांवर मल्लिनाथाची 'संजीवनी' टीका आहे. सुरुवातीलाच तो आपला नियम सांगतो : ज्याला आधार नाही असं काही लिहिणार नाही आणि जे लागत नाही ते बोलणार नाही. मला वाटतं कुठल्याही पुस्तकावर लिहिणाऱ्यानं हे वाक्य भिंतीवर लावावं.

पण टीका आणि क्रिटीक एक नव्हेत. टीकाकार ग्रंथाचा सेवक असतो. मूळ लेखकाचं चुकलं असा निवाडा देणं हे त्याचं काम नाही. उलट ग्रीक शब्दात निवाडा आहेच. म्हणून 'टीका' हा शब्द दोन्ही बाजूंनी अडचणीचा. जुना अर्थ घ्यावा तर निवाडा सुटतो, आजचा घ्यावा तर निवाड्यातला फक्त निषेध उरतो.

आता बाकीचे शब्द बघा. समीक्षा, परीक्षण, परीक्षा, निरीक्षण ही सगळी 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या धातूची. समीक्षा म्हणजे नीट पाहणं, परीक्षण म्हणजे चहूबाजूंनी पाहणं. 'आलोचना' हिंदीवाले वापरतात, तिथंही 'लोच्' म्हणजे पाहणंच. इंग्रजी 'रिव्ह्यू'सुद्धा फ्रेंचमधून आलेलं 'पुन्हा पाहणं'. म्हणजे एक घराणं डोळ्याचं आणि दुसरं, ग्रीकांचं, निवडण्याचं. 'क्रिटीक'ला आपण डोळ्याच्या घराण्यातला शब्द देतो आणि निवडणं मागं राहतं.

बेदाणा
अमरकोश ताई, निवडणं म्हटलं आणि मी बसल्या जागी ताठ झालो. तासगावकडे आमची बेदाण्याची शेड आहे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायची, मग जाळ्यांच्या रॅकवर पसरून सावलीत वाळवायची. वाळल्यावर झाडून काड्या काढायच्या. मग माल चाळणीवर. बारीक खाली जातो, ठोकळ वर राहतो. आणि तरीही शेवटी बायका ओळीनं बसून हातानं निवडतातच, कारण चाळणीला आकार कळतो, रंग कळत नाही. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा. आमच्याकडची एक मावशी आहे, तिच्या बोटांना बघावं. दाणा उचलण्याआधी तिचा निर्णय झालेला असतो. आणि काळा फेकून देत नाही कुणी. त्याचाही सौदा होतो, त्याचा भाव वेगळा, एवढंच.

मुलांच्या पानाला हे लागू होतं का बघा. वाईट वेगळं काढायचं म्हणजे पुस्तक फेकायचं असं नाही.

अजिंक्यतारा
बेदाणा, तुम्ही नकळत मुळावर बोट ठेवलंत! 'क्रिनेइन' ज्या जुन्या इंडो-युरोपीय धातूपासून आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्याचा अर्थच चाळणं, गाळून वेगळं करणं. लॅटिनमध्ये चाळणीला 'क्रिब्रुम' म्हणतात, ते याच कुळातलं. इंग्रजीतला 'डिसर्न', 'सर्टन' आणि 'सीक्रेट' हेही याच कुळातले. सीक्रेट म्हणजे इतरांपासून वेगळं काढून ठेवलेलं. आणि सीक्रेट सांभाळणारा तो सेक्रेटरी.

कृष्णाकाठ
म्हणजे आमच्या गावच्या विकास सोसायटीचा सेक्रेटरी ग्रीकांच्या चाळणीतून पडलाय! आता कर्जाचा अर्ज बाजूला का काढून ठेवतो ते कळलं.

मेणवली
वाईजवळून लिहिते. दोन दिवसांनी आले, सगळं वाचून काढलं.

तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून एकच भर. 'क्रिटीक' हा शब्द जगभर ज्यानं वजनदार केला तो इमान्युएल कांट. १७८१, १७८८ आणि १७९० साली त्याचे तीन ग्रंथ आले आणि तिन्हींच्या नावात हाच शब्द, जर्मन रूपात 'क्रिटिक'. पहिला शुद्ध बुद्धीचा, दुसरा व्यावहारिक बुद्धीचा, तिसरा निर्णयशक्तीचा. बुद्धी वाईट आहे असं त्याला म्हणायचं नव्हतं. बुद्धीची हद्द कुठपर्यंत, कुठल्या प्रश्नांवर ती हक्कानं बोलू शकते आणि कुठे ती आपल्या कुंपणाबाहेर जाते, याची मोजणी त्यानं केली. त्यानंतर 'क्रिटीक' या शब्दाला 'हद्द ठरवणं' असा गंभीर अर्थ आला. मराठीत यासाठी मला 'मीमांसा' आणि 'चिकित्सा' जवळचे वाटतात. दोन्ही शब्द इच्छार्थक घडणीचे आहेत, म्हणजे जाणून घेण्याची ओढ त्या शब्दांच्या घडणीतच आहे.

आमच्या वाईतच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचं काम उभं केलं, पहिला खंड १९७६ चा. शास्त्री पोथ्या शिकलेले आणि त्याच पोथ्यांची चिकित्सा करणारे. परंपरेचा अनादर न करता तिला प्रश्न विचारता येतात, हे त्या माणसानं जगून दाखवलं. ताईंच्या त्या पालकांना हे उदाहरण सांगावं.

वारणेची लेक
मेणवली, 'चिकित्सक विचार' हा शब्द आम्हालाही शिक्षक प्रशिक्षणात ऐकवतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ज्यावर भर आहे त्या 'क्रिटिकल थिंकिंग'साठी. पण आमच्या भागात 'फार चिकित्सक आहे' म्हणजे जेवणात खोड्या काढणारा! मुलांच्या डोक्यात तोच अर्थ बसलेला असणार.

नाडीपरीक्षा
खरं आहे. आमच्या आजीचं ठरलेलं वाक्य होतं, "चिकित्सा करू नकोस, पानात पडलंय ते खा."

हळदपेठ
बघा, टीका घसरली, चिकित्सा घसरली, इंग्रजांचा शब्दही घसरला. शब्द कुठलाही आणा, लोक त्याचा अर्थ नावं ठेवणं असाच करणार. माणसाला निवाडा ऐकायला आवडत नाही, म्हणून निवाड्याचा प्रत्येक शब्द त्याला शिवीसारखा लागतो. हे माझं प्रामाणिक मत आहे.

अमरकोश
हळदपेठ, या धाग्यातलं मला सगळ्यात पटलेलं वाक्य तुमचं आहे.

एक वाचक साताऱ्याचा
'समीक्षा' मात्र घसरली नाही, ती वर चढून बसली. मासिकांतली समीक्षा वाचा, तीन ओळींनंतर श्वास लागतो. मूळ कविता कळते, समीक्षा कळत नाही. नववीच्या मुलांपुढे हा शब्द ठेवला तर ती जड जड शब्द शोधत बसतील. त्यापेक्षा वर्तमानपत्रातलं सिनेमाचं परीक्षण बरं. तीन तारे, साडेतीन तारे, विषय संपला.

अजिंक्यतारा
तारे म्हणजे क्रिटीक नव्हे. तारे हा निकालाचा कागद, नेपथ्य यांनी सांगितला तसा. आणि समीक्षेवर सरसकट राग नको. साताऱ्याजवळच्या मर्ढे गावावरून ज्यांचं आडनाव आलं ते बा. सी. मर्ढेकर कवी म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्यांचं 'सौंदर्य आणि साहित्य' वाचा. कलाकृती चांगली ठरते ती कशामुळे, हा एकच प्रश्न धरून ते शेवटपर्यंत जातात. त्या पुस्तकाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचायला सोपं नाही, कबूल. पण अवघड प्रश्नाचं लिखाण थोडं अवघड असणारच. समजूनउमजून गुंतागुंतीचं केलेलं लिखाण वेगळं, त्याचा मलाही कंटाळा आहे.

एक वाचक साताऱ्याचा
मर्ढेकरांबद्दल वाद नाही सर. मी बोलतोय ते नंतरच्यांबद्दल. आणि ताऱ्यांना इतकं हिणवू नका. खिशातून तिकिटाचे पैसे घालणाऱ्याला जाऊ की नको एवढंच हवं असतं. ती गरजही खरी आहे.

नेपथ्य
गरज खरी, पण ती गिऱ्हाइकाची गरज. नाटक करणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला साडेतीन ताऱ्यांनी काय करायचं? अर्धा तारा कुठं गेला ते सांगा, मग पुढं बोलू.

सज्जनगड पायथा
बराच वेळ वाचतोय आणि मनात एक शब्द घोळतोय, कुणीच कसा घेतला नाही याचं नवल वाटतं. विवेक! परळीहून गड चढताना दासबोधाचं पारायण करणारी माणसं भेटतात. त्यातला बारावा दशक 'विवेकवैराग्य' नावाचा. समर्थ विवेकाशिवाय पाऊल टाकू देत नाहीत. सार काय आणि असार काय ते वेगळं करायचं, तो सारासार विवेक. हंसानं दूध आणि पाणी वेगळं करायचं, तो नीरक्षीरविवेक. अमरकोश ताई म्हणाल्या की ग्रीकांचं घराणं निवडण्याचं आणि आपलं बघण्याचं. पण विवेक तर निवडण्याचाच शब्द आहे ना?

अमरकोश
वा! अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. 'विवेक' म्हणजे वि + विच्. 'विच्' या धातूचा अर्थच वेगळं करणं, आणि जुन्या संस्कृतात तो धान्य पाखडून वेगळं करण्यासाठीही येतो. ग्रीक चाळतात, आपण पाखडतो. 'क्रिनेइन' आणि 'विच्' हे सख्खे धातू नाहीत, पण अर्थाच्या दृष्टीनं यापेक्षा जवळचं दुसरं सापडणार नाही. आणि त्याच धातूपासून 'विवेचन' हा आपला रोजच्या वापरातला शब्द आहे, 'विवेचक'ही आहे. 'विवेक' डोक्यावर लिहिला तर मुलांना तो सदाचाराचा पाठ वाटेल. 'विवेचन' मात्र चालेल. त्याला अजून कुणी शिवीचा वास लावलेला नाही.

माळकरी
विवेचन चांगला शब्द आहे. माझा टीकेचा आग्रह मी सोडत नाही, पण मुलांसाठी हा मान्य.

हळदपेठ
विवेचनात निवाडा कुठं आहे? विवेचन म्हणजे समजावून सांगणं असंच लोक समजतात. 'अमक्यांनी विषयाचे सुरेख विवेचन केले' अशी वृत्तपत्रातली बातमी असते आणि त्यात त्या माणसानं काहीच ठरवलेलं नसतं. पोरं पुस्तकाचा सारांश लिहून आणतील, बघा.

वारणेची लेक
हळदपेठ दादा, ही भीती मला पटतेय. म्हणून डोक्यावर 'माझं विवेचन' लिहीन आणि खाली प्रश्न देईन. प्रश्नांनीच मुलं योग्य वाटेला लागतील. प्रश्न कुठले द्यावेत, सुचवा.

नेपथ्य
एक प्रश्न माझ्याकडून : पुस्तकातली एक जागा निवड, जिथं तुझ्यावर काहीतरी परिणाम झाला, आणि तो कशामुळे झाला ते लिही. पान क्रमांकासह. 'छान आहे' आणि 'बोअर आहे' हे दोन शब्द वापरायला बंदी.

बेदाणा
कुठला भाग ठेवशील आणि कुठला कमी करशील? कमी करायचा तो का?

अजिंक्यतारा
जर्मन कवी गटेची एक जुनी शिस्त सांगतो. मॅन्झोनी या इटालियन लेखकाच्या एका नाटकावर लिहिताना त्यानं म्हटलं की मोडतोड करणारी टीका सोपी असते, कारण मनात एक साचा धरायचा आणि कृती त्यात बसत नाही म्हणायचं. घडवणारी टीका अवघड. ती तीन प्रश्न विचारते. लेखकाला काय करायचं होतं? जे करायचं होतं ते शहाणपणाचं होतं का? आणि ते त्याला कितपत साधलं? ताई, या तिन्हींवर मुलांनी चार चार ओळी लिहिल्या तरी ते क्रिटीक झालं. ज्याला पुस्तक आवडलं त्यालाही लिहायला भरपूर आहे.

वारणेची लेक
सर, पहिला आणि तिसरा नक्की घेते. दुसरा मात्र नववीला झेपेल असं वाटत नाही. लेखकाचा हेतू शहाणपणाचा होता का, हे चौदा वर्षांच्या मुलानं कसं ठरवायचं?

हळदपेठ
तोच तर घ्या बाई. माझा पुतण्या नववीत आहे. परवा एक शिकारकथांचं पुस्तक वाचून मला विचारत होता, "काका, वाघ मारल्याचा यांना एवढा आनंद का होतोय?" हा तुमचा दुसरा प्रश्नच आहे. पोरांना तो आपसूक पडतो, फक्त शाळेत विचारायची मुभा नसते.

वारणेची लेक
बरं, मग तिन्ही घेते. दुसरा असा लिहीन : "हे पुस्तक लिहिण्यासारखं होतं का? तुला काय वाटतं आणि का?" सोमवारी वर्गात देते.

अमरकोश
'का' ठळक टाइपात छापा.